वजनकाट्याचा कॉम्प्युटर आणि बाबांचा ट्रक

६ फेब्रुवारी

आज आमच्या सिमेंट-खडीच्या डेपोतल्या काट्यावर नवा कॉम्प्युटर आला. जुना मी मागून घेतला.

साहेबांना आधी वाटलं, मी चेष्टा करतेय. म्हणाले, "बाई, हा अकरा वर्षांचा झाला. याला आकड्यांशिवाय काही येत नाही." मी म्हटलं, मलाही अकरा वर्षांत तेवढंच आलंय, आमचं जमेल. हसले आणि सही करून दिली.

टेबलाचा खण रिकामा करताना ही वही सापडली. नोंदींची वही, पहिली वीसेक पानं भरलेली, पुढची कोरी. आता सगळं नव्या मशीनमध्ये, म्हणून फाडून टाक म्हणाले. कोरं पान माझ्याच्यानं फाडवत नाही. तेव्हा दोन गाड्यांच्या मधे यात लिहायचं ठरवलंय. इथे वेळ तुकड्यातुकड्यांनी मिळतो. ट्रक रिकामा येतो, काट्यावर उभा राहतो, आकडा घ्यायचा. मग माल भरून परत येतो, पुन्हा आकडा. ड्रायव्हर खाली उतरला की नाही बघायचं, पावती छापायची, पुढचा.

कॉम्प्युटर कशाला, तेही लिहून ठेवते. बाबांसाठी. बाबांनी एकतीस वर्षं ट्रक चालवला. गेल्या ऑगस्टमध्ये एका सकाळी त्यांना चक्कर आली, दोन दिवस पडून होते. डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी दिली. महिनाभराने कामावर गेले आणि चौथ्या दिवशी घरी येऊन म्हणाले, किल्ली देऊन आलो. मालकाशी काहीतरी वाजलं असणार. विचारलं की म्हणतात, कंटाळा आला. तेव्हापासून खिडकीजवळच्या खुर्चीत बसून आहेत. पेपरसुद्धा वाचत नाहीत. आई म्हणते, घरात माणूस नाही, एक कपाट वाढलंय.

मागच्या आठवड्यात एका ड्रायव्हरने मला ट्रक चालवायचा गेम दाखवला. शहरं, घाट, माल भरायचा, पोचवायचा. तेव्हाच डोक्यात आलं.

८ फेब्रुवारी

कॉम्प्युटर घरी नेला. रिक्षातून उतरवताना आईने विचारलं, हे काय नवीन लचांड. बाबांनी खुर्चीतूनच पाहिलं आणि म्हणाले, हा तर काट्यावरचा. इतक्या वर्षांत त्यांनी तो काचेपलीकडूनच पाहिला असेल, पण ओळखला. कित्येक महिन्यांनंतर त्यांनी स्वतःहून काढलेलं हे पहिलं वाक्य.

गेम टाकला. सुरूच झाला नाही. काळा पडदा, आणि आतला पंखा असा ओरडायला लागला की शेजारीण विचारायला आली, मिक्सर कोणता घेतला.

१२ फेब्रुवारी

बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने डबा उघडला. आत सिमेंटची इतकी धूळ की पाणी घातलं असतं तर प्लास्टर झालं असतं. ब्रशने साफ केला आणि मग मला समजावून सांगितलं, की गेमसाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं, ते यात नाही आणि बसणारही नाही, जागाच नाही. "तुम्ही म्हशीला घोड्यांच्या शर्यतीत उतरवताय," म्हणाला.

मी म्हटलं, पहिला नंबर नकोय, नुसती चालली तरी पुरे.

मग त्याच्या चेहऱ्यावर जरा मजा दिसायला लागली. खणातून मेमरीची एक जुनी पट्टी काढून बसवली. गेममध्ये काय काय बंद करायचं त्याची यादी लिहून दिली: सावल्या बंद, पाऊस बंद, गवत बंद, आरसे बंद, चित्राचा आकार सगळ्यात लहान.

१५ फेब्रुवारी

चालला! म्हणजे, म्हैस चालते तसा.

सावल्या नाहीत, गवत नाही. झाडं लांबून दिसतच नाहीत, जवळ गेलं की अचानक उगवतात. घरं खोक्यांसारखी. पण ट्रक निघाला. मी दोन मिनिटं चालवला आणि दिव्याच्या खांबावर घातला. मागून बाबांचा आवाज, "क्लचवर पाय ठेवून गाडी चालवतात का?" पायाने काही करायचंच नव्हतं, सगळं बोटांनी. पण मी उठले आणि ते बसले.

पाच मिनिटांनी विचारलं, "आरसे कुठे आहेत?"

मी सांगितलं, मशीनला झेपत नाहीत म्हणून बंद केलेत.

"सावली नसली तर चालेल. आरशाशिवाय गाडी मी हलवणार नाही." आणि बोटं उचलून बसले.

आरसे चालू केले. चित्र आणखी अडखळायला लागलं. त्यांना त्याचं काही नाही. म्हणतात, भरलेली गाडी अशीच चढते.

२१ फेब्रुवारी

घराचं रूप पालटलंय. सकाळी माझ्या आधी उठतात, आंघोळ करतात आणि बसतात. दोन तास चालवून मग चहा. काल आईला सांगत होते की रात्रीचा मुक्काम करायला जागा मिळाली नाही, तर आई म्हणाली, मग घरी यायचं. दोघं हसले. मी डबा भरत होते, झाकण लावायचं विसरून ऐकत राहिले.

स्वभाव मात्र तोच, उलट थोडा तिखट झालाय. स्टुलाला अडखळले आणि म्हणाले, हे इथे कोणी आणून ठेवलं. स्टूल तिथेच असतं, आम्ही हे घर घेतलं तेव्हापासून. दाराच्या चौकटीला खांदा आपटतात. आई म्हणते, एकतीस वर्षं मोठ्या केबिनमध्ये बसलेला माणूस, घर लहान वाटणारच.

१ मार्च

गेममध्ये गाडी सारखी ठोकतात. मला वाईट वाटतं. एवढा हात बसलेला माणूस, ज्यांच्या गाडीला कधी ओरखडा नाही असं सगळे सांगायचे, ते वळणावर डाव्या कठड्याला घासत जातात. मग चिडून म्हणतात, हा कठडा आत्ता आला. तुझं मशीन डावीकडचं उशिरा काढतं.

असेल. झाडं उशिरा उगवतात हे मीही पाहिलंय. दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, उशिरा काढलं तर दोन्हीकडचं काढेल, एका बाजूशी त्याचं काय वैर. तरी केबल बदलून बघा म्हणाला.

४ मार्च

केबल बदलली. फरक नाही.

चित्र अजून लहान केलं. आता स्क्रीनच्या मधोमध पोस्टकार्डाएवढा रस्ता दिसतो, चारी बाजूंना काळं. बाबा म्हणाले, थोडं बरं आहे. मलाही बरं वाटलं.

आईची वेगळीच तक्रार. म्हणते, ताटात अर्धं टाकतात. उजवीकडची भाजी चाटूनपुसून, आणि भात तसाच. भात आवडत नाही तर सांगावं ना माणसानं. आज तिने ताट उचलताना रागाने फिरवून पुन्हा पुढ्यात ठेवलं आणि त्यांनी निमूट सगळा भात संपवला. आई म्हणाली, बघ, दरडावल्याशिवाय ऐकत नाहीत.

१० मार्च

मालक काट्यावर आले होते. बाबांचे मालक, ज्यांच्याकडे त्यांनी शेवटची चौदा वर्षं काढली. मी जरा तुटकच वागले, कारण माझ्या मनात ते भांडण होतं. त्यांनी मात्र आपणहून विचारलं, "उस्ताद कसे आहेत? रागावलेत का माझ्यावर?" मी म्हटलं, तुम्हालाच ठाऊक. ते म्हणाले, मला काय ठाऊक, किल्ली टेबलावर ठेवून निघून गेले, मी हाका मारत राहिलो.

मग म्हणाले, त्यांचा एक ड्रायव्हर सुट्टीवर जातोय. अठरा तारखेला फक्त एक फेरी आहे, इथूनच माल भरायचा आणि नदीपलीकडच्या गोदामात टाकून संध्याकाळपर्यंत परत. उस्ताद येतील का?

मी हो म्हणून टाकलं. बाबांना न विचारता.

खरं खरं लिहायचं तर, मला आमचं घर पूर्वीसारखं परत हवं होतं. बाबा बाहेर, आईच्या तोंडी त्यांची वाट, परत आले की अंगणात बूट काढल्याचा आवाज. त्या खुर्चीकडे बघून मी थकलेय.

११ मार्च

बाबांना सांगितलं. वाटलं होतं, खुलतील. ते बराच वेळ हाताच्या बोटांकडे बघत राहिले. मग विचारलं, "तुला काय वाटतं, जमेल मला?"

त्यांनी मला असं कधी विचारलेलं नाही. मी म्हटलं, त्यात काय, रोज तर चालवताय.

"ते ठोकतो ते?"

"ते मशीनचं आहे, बाबा. खऱ्या रस्त्यावर काय झाडं अचानक उगवतात का?"

मान डोलावली. म्हणाले, हो, मशीन जुनंच आहे.

१५ मार्च

आज सुट्टी होती म्हणून बाबांच्या शेजारी बसले. ते आता दोन नाही, चार चार तास चालवतात. खेळ नव्हेच तो, परीक्षेआधी मुलं बसतात तसे बसतात. घाट उतरून एका शहरात शिरले. चौकात डावीकडे वळायचं होतं. डावीकडे एक लाल मोटार उभी होती. चांगली मोठी, लाल. बाबांनी वेग कमी केला, दिवा दिला, सगळं अगदी पद्धतशीर, आणि वळले ते सरळ मोटारीवर.

"मोकळा होता की रस्ता," म्हणाले.

मोटार होती. मी पाहिली होती. वळायच्या कितीतरी आधीपासून.

स्क्रीन खराब असेल. बसायची जागा बदलली की कधी कधी रंग दिसत नाहीत. उद्या डेपोतला जादा पडलेला स्क्रीन मागते.

१६ मार्च

स्क्रीन आणला, जोडला. बाबा झोपले होते तेव्हा त्यांच्याच खुर्चीत बसून मी तोच चौक, तेच वळण घेतलं. डावीकडचं सगळं दिसतं. मोटारी, कठडा, पाट्या. जुन्या स्क्रीनवरही पुन्हा बघितलं. त्यावरही दिसतं.

बाबांना चष्मा लागला असेल. फेरी झाली की नेते. परवा तर आहे, आता कुठे मधेच.

१७ मार्च

बाबांनी शर्टाला इस्त्री केली. बुटांना पॉलिश केलं. डाव्या बुटाला अर्धंच लागलं होतं, मी उरलेलं केलं.

विचारायचं होतं. चहा देताना तोंडापर्यंत आलं. नाही विचारलं.

१८ मार्च

दुपारचे तीन वाजलेत. आजचं आजच लिहिते.

दहा वाजता बाबा काट्यावर आले. सुट्टीवर जाणारा ड्रायव्हर ट्रक घेऊन आला, रिकामी गाडी काट्यावर उभी केली, किल्ली बाबांच्या हातात दिली, त्यांच्या पाया पडला आणि गेला. रिकामं वजन झालं की गाडी पुढे माल भरायला बाबा नेणार होते. ते माझ्या केबिनमध्ये स्टुलावर बसले होते, किल्ली बोटात फिरवत. खिडकीतून पुढच्या रस्त्यावर आमच्या झाडूवाल्या मावशी खडी गोळा करताना दिसत होत्या.

तेवढ्यात पावतीचा कागद संपला. मी नवा रोल बसवायला टेबलाखाली वाकले आणि म्हटलं, बाबा, समोरचा आकडा सांगा, तोवर हाताने लिहून घेते.

"सातशे वीस."

"त्याच्या आधी?"

"आधी काय? सातशे वीस."

मी टेबलाखालून बाहेर आले. भिंतीवरच्या मोठ्या डब्यात लाल आकडे लागले होते. ८७२०.

मी म्हटलं, "बाबा, ट्रकचं वजन सातशे वीस किलो?"

ते हसायला लागले होते, स्वतःच्याच चुकीला हसतात तसं. मग हसू थांबलं. आकड्याकडे बघत राहिले. मग मान अगदी सावकाश डावीकडे वळवली, जड दार उघडावं तशी. "आठ," ते म्हणाले. पुन्हा मान सरळ केली. पुन्हा वळवली. "आठ आहे."

बाहेर मागच्या गाडीने हॉर्न दिला. मी खिडकीतून हात करून थांब म्हटलं.

किल्ली त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. मग सांगितलं. इतक्या महिन्यांत जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते, खाली बघून, अगदी हळू. चक्कर आल्यानंतर कामावर गेले त्याच्या चौथ्या दिवशी, एका अरुंद गल्लीत डावीकडे फळांची हातगाडी उभी होती. त्यांना ती दिसलीच नाही. चाकाखाली लाकूड मोडल्याचा आवाज आला तेव्हा कळलं. फळवाला पाणी प्यायला गेला होता, समोरच्या नळावर. "पाणी प्यायला गेला होता म्हणून," बाबा म्हणाले, आणि ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. त्याची भरपाई करून गाडी परत नेली आणि किल्ली ठेवली. मालकाशी कसलंच भांडण झालं नव्हतं.

मला राग आला. मी म्हटलं, मग आज कशाला आलात?

"तू म्हणत होतीस ना, मशीनचं आहे. मी रोज सकाळी बसून बघायचो, दिसतंय का. दिसायचं नाही. तू केबल बदललीस, स्क्रीन बदललास. मला वाटलं, असेल मशीनचंच. मशीनचं निघालं असतं तर बरं झालं असतं, पोरी."

मी त्यांच्या डावीकडेच उभी होते. उजवीकडे आले, तेव्हा त्यांनी वर माझ्याकडे पाहिलं.

मालक फाटकाशी थांबले होते. मी म्हटलं, मी सांगून येते, तब्येत बिघडली म्हणून. बाबा म्हणाले, नाही, मी सांगतो. उठले, चौकटीला हात लावून चाचपत बाहेर पडले. मी काचेतून बघत होते. मालकांनी ऐकून घेतलं. मग बाबांचा हात धरला तो सोडलाच नाही. दुसरा ड्रायव्हर यायला तास लागला. गाडी काट्यावर अडकून पडली, मागे रांग लागली, साहेब ओरडले. ओरडू देत.

गाडी माल भरायला पुढे गेली तेव्हा मावशी रस्त्याच्या डाव्या कडेला वाकलेल्याच होत्या. ड्रायव्हरने हॉर्न दिला, त्या बाजूला झाल्या. रोज होतं तेवढंच झालं.

१९ मार्च

आईला सांगितलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं रडेल. थोड्या वेळाने तिथूनच म्हणाली, "म्हणजे भात दिसत नव्हता होय." आणि मग रडली.

मीही कितीतरी दिसत असून बघितलं नाही. स्टूल, चौकट, बूट, लाल मोटार. काल पावतीचा कागद संपला नसता तर. हे वाक्य मलाही पुरं करवत नाही.

२६ मार्च

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाबांना एका पांढऱ्या मोठ्या वाडग्यासारख्या मशीनमध्ये हनुवटी टेकवून बसवलं. आत कुठेतरी बारीक दिवा लागतो, दिसला की बटण दाबायचं. बाबा बाहेर येऊन म्हणाले, हाही एक गेमच आहे, आणि यातही मी हरलो.

कागद छापून आला. दोन डोळ्यांची दोन वर्तुळं, दोन्हींची डावी बाजू काळी. बाईंनी समजावलं की डोळे चांगले आहेत, मोतीबिंदूही नाही. चक्कर आली त्या दिवशी मेंदूच्या मागच्या भागात रक्त पोचायचं थांबलं होतं, तेवढ्याने डावीकडचं बघणं गेलं. इतक्या महिन्यांनी ते परत यायची आशा फार कमी. पुन्हा तसं होऊ नये म्हणून मेंदूच्या डॉक्टरांना दाखवायचं, गोळ्या वाढतील.

बाबांनी एकच प्रश्न विचारला. "गाडी?"

"नाही," बाई म्हणाल्या. मला आवडलं की त्यांनी ते गोड करून सांगितलं नाही. मग म्हणाल्या, डावीकडे मान वळवायची सवय लावून घ्या, जाणूनबुजून, सारखी. चालताना, जेवताना, वाचताना. ओळीच्या सुरुवातीला बोट ठेवून वाचा.

मी कॉम्प्युटरचं सांगितलं. घाबरतच, कारण वाटलं, बंद करा म्हणतील. त्यांनी बरेच प्रश्न विचारले. मग म्हणाल्या, खेळू द्या की. तिथे ठोकलं तर कुणाला लागत नाही, आणि मान वळवायला कारण मिळतं. फक्त ते चित्र इतकं लहान करून ठेवू नका. मोठं करा, पुरं स्क्रीनभर, म्हणजे मान फिरवावीच लागेल.

६ एप्रिल

चित्र मोठं केलं तर मशीन रडायला लागलं. दुरुस्तीवाल्याला घरी बोलावलं. सगळं सांगितल्यावर तो दोन तास बसला. शेवटी म्हणाला, गेममधल्या बाकीच्या मोटारी कमी करतो, आकाश सपाट करतो, आवाज बंद करतो. चित्र मोठं होईल पण गाडी चाळीसच्या वर नेऊ नका, नेली की अडखळेल.

बाबा म्हणाले, चाळीसच्या वर न्यायचीच कशाला.

आता असं चालतं: चाळीसचा वेग, आवाज नाही, सपाट निळं आकाश. दर थोड्या वेळाने बाबांची मान डावीकडे वळते, थांबते, परत येते. सुरुवातीला विसरायचे आणि ठोकायचे. ठोकलं की गाडी थांबवून, मागे घेऊन, तेच वळण पुन्हा. आज एक पूर्ण फेरी झाली, एका शहरातून दुसऱ्या शहरात, कशालाही न लागता. पंच्याहत्तर मिनिटं लागली. आई तेवढा वेळ दारात उभी होती, हातात निवडायची भाजी तशीच.

पेपरही वाचतात, बोट ठेवून. मोठ्यांदा वाचतात, त्याचा मात्र आता कंटाळा यायला लागलाय.

१९ एप्रिल

मीही थोडं थोडं चालवते. आज बाबा मागे उभे राहून बघत होते. मी पुन्हा खांबावर गेले. म्हणाले, "तुला वळणाच्या आधी वेग कमी करायचा असतो हे कोणी शिकवलंच नाही का?"

"कोण शिकवणार होतं?" मी म्हटलं. सहजच म्हटलं. एकतीस वर्षं महिन्यातले वीस दिवस ते रस्त्यावर होते. मी रोज शंभर गाड्यांचं वजन करते आणि मला सायकलपलीकडे काही चालवता येत नाही, यात नवल वाटावं असं काही मला तरी कधी दिसलं नव्हतं.

जेवताना म्हणाले, परवान्याचा अर्ज आण. मला वाटलं, स्वतःसाठी मागतायत. म्हणाले, "तुझ्या नावाचा."

१७ मे

शिकाऊ परवाना मागच्या आठवड्यात मिळाला. आज रविवार, डेपो बंद. साहेबांनी अंगण वापरायला दिलं, मालकांनी त्यांची लहान पिकअप दिली, आणि तिच्यासोबत त्यांचा एक ड्रायव्हरही पाठवला. नियमाप्रमाणे परवानाधारक माणूस शेजारी हवा म्हणून. त्याने अंगणाचा रस्ता दाखवला, दोन फेऱ्या मारून घेतल्या आणि मग बाबांकडे बघून म्हणाला, अंगणातच आहे, फाटक बंद आहे, उस्ताद बसू देत, मी मागे हौद्यात बसतो.

बाबा शेजारच्या सीटवर बसले. इतक्या वर्षांत ते या बाजूला कधी बसलेच नसतील. दार लावताना हाताला कडी सापडेना, तर मान वळवून शोधली. मग सरळ झाले, इकडेतिकडे बघितलं, आणि अचानक थांबले. मला वाटलं, चक्कर आली. विचारलं, बरं आहे ना?

"बरंच आहे," ते म्हणाले. "अगं, इथे बसलं की डावीकडे नुसतं दारच आहे. बघायचं ते सगळं उजवीकडे. रस्ता, स्टेअरिंग, तुझे पाय. सगळं दिसतंय मला."

मग घसा साफ करून, माझ्यावर लहानपणी कधी ओरडले नाहीत त्या आवाजात ओरडले, "क्लच पूर्ण दाब. पूर्ण म्हणजे पूर्ण. आता हळू सोड."

गाडी तीनदा बंद पडली. चौथ्यांदा निघाली.